पिशवी आणि खाडा

कांहीं शब्द घराघरांत इतके रुळलेले असतात कीं, त्यांचा अर्थ काय होतो इकडे कोणाचेंच लक्ष जात नाहीं. 'पिशवी' हा त्यांपैकींच एक. 'अमक्या वहिनींची पिशवी काढली' हें वाक्य हळदीकुंकवाच्या बैठकींत, लग्नघरांत, आगगाडीच्या डब्यांत आपण सर्वांनीं ऐकलें आहे. गर्भाशय हा शब्द डॉक्टरांच्या कागदावर राहतो. बोलण्यांत येते ती पिशवीच. आतां पिशवी म्हणजे काय? तींतून भाजी आणावी, काम झालें म्हणजे खुंटीला अडकवावी, आणि फाटली म्हणजे टाकून द्यावी. शरीराच्या एका अवयवाला हें नांव मिळालें म्हणजे शस्त्रक्रियेचें अर्धें काम आधींच उरकतें, असें आम्हांस वाटतें. अवयव गेला असें मग कोणी म्हणत नाहीं. कटकट गेली असें म्हणतात.

हा विषय येथें काढण्याचें कारण असें. इ. स. २०१९ च्या एप्रिलमध्यें बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांविषयीं एका इंग्रजी दैनिकांत वृत्त आलें. ऐन तिशींत, कित्येकींच्या बाबतींत तर तिशीच्याहि आंत, या स्त्रियांवर गर्भाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया झाली होती. बघतां बघतां हें वृत्त देशभर आणि देशाबाहेरहि पसरलें. राष्ट्रीय महिला आयोगानें राज्य सरकारला नोटीस धाडली, विधानपरिषदेंत प्रश्न निघाला, आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिती नेमली गेली. त्या चौकशींत जिल्ह्यांतील सुमारें ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकीं १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे जवळजवळ दर सहा स्त्रियांमागें एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरींत १५ ते ४९ वर्षांच्या भारतीय स्त्रियांत हें प्रमाण शंभरांत तीनांच्या किंचित् वर होतें. दोन्ही पाहण्यांतील स्त्रियांचीं वयें अगदीं सारखीं असतील असें नाहीं, तरीहि एवढें अंतर केवळ वयाच्या हिशेबानें भरून निघणारें नव्हे.

हें असें कां व्हावें, हें समजण्यास ऊसतोडीचा हिशेब ठाऊक पाहिजे. आणि तो आपल्या घरीं सहसा ठाऊक नसतो. साखर डब्यांत असते एवढेंच आपणांस माहीत. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतून लाखों माणसें पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात, तीं उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. हंगामापूर्वी मुकादम त्यांना एकरकमी आगाऊ पैसे देतो. त्यास 'उचल' म्हणतात. ही उचल एकट्या माणसाला मिळत नाहीं. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. एकटा पुरुष आला तर तो 'अर्धा कोयता'. स्त्रीचें नांव वहींत निराळें नसतें. ती अर्धें हत्यार असते. आणि ज्या दिवशीं दोघांपैकीं एकानें काम केलें नाहीं, त्या दिवसाचा 'खाडा' लागतो व तो उचलींतून वळता होतो. २०१९ च्या वृत्तांत दिवसाला पांचशे रुपयांच्या खाड्याचे उल्लेख होते. तेवढी रक्कम एका माणसास दिवसभराच्या मजुरींत मिळणेंहि कठीण.

पहांटेपूर्वी उठावें, कोपींत चूल पेटवावी, दिवसभर ऊस तोडून मोळ्या बांधाव्या, त्या डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवर चढून रचाव्या. आणि रात्रीं-अपरात्रीं गाडी भरावयास आली तर पुन्हां उठावें. शौचास आडोसा नाहीं, धुण्यास पाणी पुरत नाहीं. अशा स्थितींत महिन्याचे ते चार दिवस कसे काढावे? कापड वाळविण्यास जागा नाहीं, बदलण्यास सवड नाहीं. अंगावरून जाऊं लागतें, कंबर धरते, ओटीपोट दुखतें. एक दिवस पडून राहावें तर खाडा. तालुक्याच्या गांवीं डॉक्टरकडे जावें तर जाण्या-येण्याचा दिवस पुन्हां खाडाच. हंगाम संपवून, दुखणें अंगावर काढून, बाई गांवीं परतते. तेथें कोणी सांगतो कीं, पिशवी काढून टाक, पुढें कॅन्सर होईल. आणि तिला तें पटतें. कां पटूं नये? मुलगी अठराची होण्याआधीं लग्न होण्याचें प्रमाण बीडमध्यें २०१९-२१ च्या पाहणींतहि शंभरांत चाळीसाच्या वर होतें. विशीच्या आसपास दोन-तीन मुलें झालीं, संततिनियमनाची शस्त्रक्रियाहि होऊन गेली. मग त्या पिशवीचें काम काय राहिलें, असा सरळ हिशेब घरचे मांडतात. शस्त्रक्रियेचा खर्च पुष्कळदां त्याच मुकादमाच्या उचलींतून भागविला जातो. म्हणजे खाडा चुकविण्यासाठीं घेतलेलें कर्ज फेडण्यास पुढच्या हंगामांत पुन्हां फडांत जाणें आलेंच.

वैद्यकाच्या दृष्टीनें पाहिलें तर यांत समजण्यास कठीण असें कांहींच नाहीं. अंगावरून पांढरें जाणें हें बहुधा जंतुसंसर्गाचें लक्षण असतें. त्याला गोळ्या आहेत. रक्तस्राव फार होत असेल तर आधीं औषधें, मग गर्भाशयांत बसविण्याचें संप्रेरकयुक्त साधन, गांठ असेल तर गांठ तेवढी काढणें, असे मार्ग आहेत. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग हा या स्त्रियांना असणारा खरा धोका आहे, पण त्याची तपासणी साध्या उपकरणांनीं प्राथमिक आरोग्य केंद्रांत करतां येते. धाक घालण्याइतकीच ती स्वस्त आहे. उलट गर्भाशयाबरोबर अंडाशयेंहि काढलीं तर तीस वर्षांच्या बाईला एका रात्रींत पन्नाशीचें शरीर येतें. हाडें ठिसूळ होतात, हृदयविकाराचा संभव वाढतो, झोंप उडते, अंगाचा भडका होतो. मोळी उचलण्यासाठीं जी शस्त्रक्रिया करून घेतली, तिनें मोळी उचलण्याचें बळच जातें.

सगळें खापर डॉक्टरांच्या माथीं फोडण्यास आम्ही तयार नाहीं. पण त्यांना मोकळें सोडण्यासहि नाहीं. बीडचें उदाहरण एकटें असतें तर एखाद्या जिल्ह्यांतील लोभी मंडळी म्हणून सोडून देतां आलें असतें. आंध्र प्रदेशांत २०१५-१६ च्या पाहणींत हें प्रमाण शंभरांत नवाच्या घरांत व तेलंगणांत आठाच्या घरांत होतें. तेथें ऊसतोडीचा मुकादम नाहीं. बिहार, छत्तीसगड व राजस्थान येथेंहि अशाच अनावश्यक शस्त्रक्रियांच्या तक्रारी झाल्या आणि २०१३ सालीं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें गेलें. त्या काळीं गरिबांसाठीं असलेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेंत वर्षाला कुटुंबामागें तीस हजार रुपयांपर्यंत रुग्णालयाचा खर्च मिळे; पण तो रुग्णालयांत दाखल झाल्यावर. बाहेरच्या बाहेर तपासून गोळ्या देण्याला विमा नव्हता. ज्या दवाखान्यास गोळीचे पैसे मिळत नाहींत व सुरीचे मिळतात, तेथें सुरी वारंवार निघाली तर त्यांत आश्चर्य कसलें? देशांतील अशा शस्त्रक्रियांपैकीं सुमारें दोनतृतीयांश खासगी रुग्णालयांत होतात, हेंहि ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आमच्या घरीं या शस्त्रक्रियेचा अनुभव दोन पिढ्यांचा आहे. आमच्या काकूंना सत्तेचाळीसाव्या वर्षीं गांठींमुळें इतका रक्तस्राव होई कीं, जिना चढवेना. औषधांचा उपयोग झाला नाहीं, तेव्हां शस्त्रक्रिया झाली व ती योग्यच होती. पुढें तीन महिने त्यांना पाण्याची बादली उचलूं दिली नाहीं. स्वयंपाक दोघी जावांनीं वांटून घेतला. अलीकडे धाकट्या सूनबाईंना अडतिसाव्या वर्षीं अशीच तक्रार सुरू झाली. एका मोठ्या खासगी रुग्णालयांत पांच मिनिटांच्या तपासणीनंतर त्यांना 'काढूनच टाका, म्हणजे कायमची सुट्टी' असें सांगण्यांत आलें. त्यांनीं दुसऱ्या बाईंचा सल्ला घेतला. औषधें व वर्षभराची देखरेख यांवर भागलें. त्या अधिक शहाण्या म्हणून असें झालें, असें कोणी समजूं नये. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाण्यास त्यांना कचेरींतून भरपगारी रजा मिळाली, यजमानांनीं गाडी काढली, आणि नात्यांतील एका डॉक्टर मुलीनें दूरध्वनीवर कागद वाचून घेतले. नाहीं म्हणावयास केवळ शहाणपण पुरत नाहीं. एक मोकळा दिवसहि लागतो.

आमच्या घरीं भांडीं घासण्यास येणाऱ्या मावशी मूळच्या त्याच बीड भागांतल्या. बारा-तेरा हंगाम ऊस तोडल्यावर यजमानांची कंबर कायमची गेली, म्हणून कुटुंब शहरांत आलें. २०१९ मधील तें वृत्त घरांत मोठ्यानें वाचलें जात होतें, तेव्हां मोरीवरून त्यांचा आवाज आला, "काढली तवा कुनी काय बी इचारलं न्हाई, आन् आता समदे इचारत्यात." त्यांची शस्त्रक्रिया अठ्ठाविसाव्या वर्षीं झाली होती, हें सर्वांना तेव्हांच कळलें. तक्रार पांढरें जाण्याची. कागदपत्र मुकादमाच्या भावाच्या गाडींत राहिले ते राहिलेच. अंडाशयें काढलीं कीं ठेवलीं, हें त्यांना कोणी सांगितलें नव्हतें. दीड महिन्यानें त्या पुन्हां फडांत होत्या. सूनबाईंनीं विचारलें, "मावशी, तुम्ही दुसऱ्या डॉक्टरला कां नाहीं दाखविलें?" त्यावर त्या हंसल्या आणि म्हणाल्या, "ताई, दुसरा डाक्टर म्हंजी दुसरा खाडा."

वर्तमानपत्रांविषयीं आमचें मत येथें स्पष्ट लिहितों. तें पहिलें वृत्त ज्यांनीं छापलें त्यांनीं मोठी कामगिरी केली. त्यावांचून समिती झाली नसती, हजारों स्त्रियांची मोजणी झाली नसती, आणि खासगी रुग्णालयांनीं अशी शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी हा नियमहि बीडमध्यें आला नसता. परंतु त्यानंतर जी झुंबड उडाली ती निराळी. 'गर्भाशय नसलेल्या बायांचें गांव' असे मथळे निघाले, गांवाचें नांव ठळक छापलें गेलें, पदर डोक्यावर घेतलेल्या बायांचीं चित्रें आलीं. मावशींच्या माहेरच्या बाजूस एका मुलीचें स्थळ आलें असतां वरपक्षानें 'तुमच्याकडे पोरींच्या पिशव्या काढतात म्हणे' असें विचारलें, हें त्यांनींच सांगितलें. ज्या स्त्रीचें शरीर एकदां सुरीखालीं गेलें, तिला दुसऱ्यांदा मथळ्याखालीं घालण्याची कांहीं गरज नव्हती. म्हणूनच त्या गांवाचें नांव या लेखांत आम्हीं घातलेलें नाहीं. आणि त्याच पत्रांच्या आरोग्य-पुरवण्यांत मोफत तपासणी शिबिरांच्या पानभर जाहिराती असतात. शिबिरांत आलेल्या बायांपैकीं कितींना सुरी सुचविली गेली, हें विचारणारा वार्ताहर आमच्या पाहण्यांत नाहीं. २०२४ सालीं 'न्यूयॉर्क टाइम्स'नें या साखरेचा माग परदेशी शीतपेयांच्या कंपन्यांपर्यंत काढला, तेव्हां आपल्याकडे पुन्हां चार दिवस गलबला झाला व शमला.

एप्रिल २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें केंद्र सरकारचीं मार्गदर्शक तत्त्वें सर्व राज्यांनीं तीन महिन्यांत अमलांत आणावीं, असा आदेश दिला. देखरेखीच्या समित्या, शस्त्रक्रियांची नोंद, स्त्रीला पर्याय समजावून सांगून घ्यावयाची संमति असे त्यांतील विषय आहेत. हें सर्व इष्टच आहे. पण हीं सारीं बंधनें शस्त्रक्रियेच्या टेबलापाशीं उभीं आहेत. बाई त्या टेबलापर्यंत ज्या वाटेनें येते त्या वाटेवर तीं नाहींत. फडाजवळ शौचकूप व पाणी, पंधरवड्याला फिरणारी परिचारिका, वहींत स्त्रीचें स्वतंत्र नांव, आणि आजारपणाच्या दिवसाला खाडा नाहीं एवढा एक करार, यांना कोणत्याहि नव्या विद्येची गरज नाहीं. महाराष्ट्रांत हंगामाला सुमारें दोनशे कारखाने चालतात. त्यांच्या वार्षिक सभांना आपल्यापैकींहि कोणी भागधारक, कोणी हिशेबतपासनीस, कोणी सल्लागार म्हणून बसतात. तेथें हा प्रश्न एकदां विचारून पाहावयास हरकत नसावी.

आणि 'खाडा' हा शब्द फडांतच राहतो असेंहि नाहीं. ज्या दिनदर्शिकेवर आपण दुधाचा हिशेब लिहितों, तिच्यावरच पुष्कळ घरीं कामवाल्या बाईंच्या खाड्यांच्या फुल्या असतात, आणि महिन्याच्या शेवटीं त्या मोजल्या जातात. आमच्या घरीं महिन्याचे चार दिवस भरपगारी धरण्याची रीत आमच्या मातोश्रींनीं घातली, ती चालू आहे. कारण विचारावयाचें नाहीं, हीहि त्यांचीच अट. शेजारच्या एका भगिनींनीं याला 'बायांना शेफारून ठेवणें' म्हटलें. त्या स्वतः बँकेंत अधिकारी होत्या व त्यांच्या वैद्यकीय रजा शिल्लक राहून वायां गेल्या, याचें त्यांना अजून वाईट वाटतें.

मावशी आतां त्रेचाळीस वर्षांच्या आहेत. जिना उतरतांना त्या कठडा धरतात, आणि गेल्या पावसाळ्यांत साध्या पाय घसरण्यानें त्यांचें मनगट मोडलें. हाडांची घनता मोजून घ्यावी असें डॉक्टरांनीं सुचविलें आहे. येत्या गुरुवारीं सूनबाई त्यांना घेऊन जाणार आहेत. जुने कागद नाहींत, तेव्हां सोनोग्राफीहि करावी लागेल, म्हणजे अंडाशयें आहेत कीं नाहींत तें पंधरा वर्षांनीं कळेल. त्या दिवशींचीं भांडीं कोणीं घासावयाचीं, यावर मुलांचा वाद चालू आहे.