खोडदची दुर्बीण जुनी का होत नाही

जुन्नर तालुक्यातल्या खोडदची रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, ३० अँटेनांची आहे. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ खोडदजवळ एकवटलेल्या, १६ तीन दिशांना पांगलेल्या. टोकाटोकातलं अंतर सुमारे २५ किलोमीटर. मी तिच्या रिसीव्हरवर काम करतो. पाहुणे विचारतात, कुठल्या देशातून आणली? इथंच घडवली, हे सांगताना मला अजूनही अभिमान वाटतो.

अँटेनाची थाळी मोठी हवी आणि पैसा बेताचा, हा दुर्बिणीची कल्पना मांडणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्यापुढचा पेच होता. भरीव पत्र्याची थाळी वारा अडवते. मग सांगाडा जड, पाया जड, मोटरी मोठ्या. त्यांनी पत्राच काढून टाकला. थाळीखाली उभं राहून वर पाहिलं, तर आरपार आभाळ दिसतं. पोलादी नळ्यांच्या कमानींना तारांचे दोर ताणून बांधलेत आणि त्यांवर स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी. मधल्या भागात जाळीची घरं १० मिलिमीटरची, कडेला २० ची. आम्ही टिपतो त्या लहरींची लांबी साधारण २० सेंटिमीटर ते २ मीटर, त्यामुळे एवढ्याशा भोकांतून त्या निसटत नाहीत. वारा मात्र निघून जातो.

२००१ मध्ये दुर्बीण राष्ट्रार्पण झाली. पण माझ्या मते खरं कर्तृत्व त्यापुढचं आहे. इलेक्ट्रॉनिक्स भराभर जुनं होतं. म्हणून थाळ्या तशाच ठेवून फीड (थाळीनं गोळा केलेल्या लहरी टिपणारा भाग), रिसीव्हर, सिग्नल वाहून नेणारी साखळी आणि संगणक बदलले. एका वेळी टिपता येणारा फ्रिक्वेन्सीचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झचा होता, तो ४०० पर्यंत गेला. तेही निरीक्षणं चालू ठेवून, टप्प्याटप्प्यानं. सुधारलेल्या याच दुर्बिणीनं २०२० मध्ये आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन वायू मोजून दाखवला. यंत्र स्वतः बांधलेलं असलं की त्याचं कुठलं अंग बदलायचं हेही ठाऊक असतं. ती जाण जुन्या माणसांकडून नव्या मुलांकडे जात राहिली पाहिजे. नवनवीन यंत्रं विकत घेऊन आधुनिक झालो म्हणणाऱ्या कंपन्यांत आणि शहरांत मला नेमकं हेच दिसत नाही.

दुर्बिणीला आणखी एक गोष्ट लागते, ती आमच्या हातात नाही: रेडिओ शांतता. मोबाइलचे टॉवर, वेल्डिंग, विजेच्या तारांवर उडणाऱ्या ठिणग्या, सगळ्यांचा गोंगाट आमच्या रिसीव्हरमध्ये येतो. आभाळातून येणारा संदेश त्याच्यापुढे अतिशय क्षीण असतो. पुणे–नाशिक रेल्वेची आखणी या परिसरातून झाली तेव्हा वाद पेटला तो यामुळेच. जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला, विद्यार्थ्याला रेल्वे हवी आहे, आणि ती मिळायलाच हवी. पण मार्ग दूरवरूनही नेता येतो. ३० अँटेना उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत.

दर २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, खोडदला प्रदर्शन भरतं आणि आसपासच्या शाळांची मुलं आपापले प्रयोग मांडतात. तुमच्या घरातल्या मुलांना घेऊन या.