चोरला घाटातील दिवसाचा दिवा

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करीत चोरला घाट उतरून साखळीस जाण्याचा आमचा जुना परिपाठ. कणकुंबीस, मलप्रभेच्या उगमापाशी, घटकाभर विसावल्याशिवाय आमची मोटारसायकल पुढे जात नाही. (दोष वयाचा, तिच्या आणि आमच्याही!) गेल्या मार्गशीर्षात मात्र घाटातील एका वळणावर, भर दुपारी, समोरच्या ट्रकचालकास आम्ही दिसलोच नाही. चाक थेट कडेच्या चरात गेले. तो धावत आला आणि म्हणाला, "काका, दिवा तरी लावायचा!"

बोलणे खरे होते. दुचाकीचे समोरून दिसणारे अंग चिंचोळे. झाडांच्या कवडशांत ते विरून जाते, वेगाचा अदमासही चुकतो. म्हणूनच १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप पेटतो. आमची गाडी त्याआधीची.

परतताना आम्ही प्रखर झोत लावला, तर समोरून येणाऱ्या बसचालकाने डोळ्यांवर हात धरला! गर्द सावलीत तो दिवसाही खुपतो. पावसाळी धुक्यात तर उलटून आपल्याच डोळ्यांत येतो. आता आम्ही घरापासूनच खालचा झोत लावतो. वाटेत कोणी ना कोणी बोटांची उघडमीट करून दिवा चालू असल्याचे खुणावतेच. आम्ही मान डोलावतो.