काळ्या बंपरची कैफियत

मोटारगाडीस वार्धक्य आले हे इंजिनाच्या आवाजावरून सांगणारे जाणते लोक असतात. माझ्यासारख्या, बॉनेट उघडल्यावर बॅटरीपलीकडे फारसे काही न ओळखणाऱ्या गृहस्थाला मात्र ते बंपरवरून कळते. रंगवलेला पत्रा वेळच्या वेळी धुतला-पुसला तर पुष्कळ वर्षे आपला आब राखून असतो, काचेला तर वय असे नसतेच. परंतु पुढचा-मागचा बंपर, दारावरून जाणारी पट्टी, आरशांची कवचे आणि वायपरखालची जाळी असा जो काळ्या प्लास्टिकचा परिवार गाडीच्या अंगावर निमूटपणे नांदत असतो, तो आधी राखाडी, मग भुरका आणि अखेरीस पांढुरका होत जातो, आणि इंजिन निरोगी, टायर नवे, कागदपत्रे चोख असूनही पाहणाराच्या मनात त्या गाडीच्या धन्याच्या सांपत्तिक स्थितीविषयी अकारण करुणा उत्पन्न होते.

फियाट आणि अँबॅसडर यांच्या अमदानीत ही आपत्ती नव्हती. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या फियाटला क्रोमचा मुलामा दिलेला लोखंडी बंपर असे. त्याला पोचे येत, मुलामा उडे, गंज धरे, पण ती झीज धातूची, म्हणून प्रतिष्ठित. १९७२ साली रेनॉ कंपनीने आपल्या ‘रेनॉ ५’ या गाडीला प्लास्टिकचे बंपर बसवले, युरोपात ती वहिवाट पडली, आणि १९८३ च्या डिसेंबरात पहिल्या मारुती ८०० ची किल्ली तिच्या धन्याच्या हाती पडल्यानंतर यथावकाश ती आमच्याही रस्त्यांवर रूढ झाली. पुढे त्या काळ्या रंगाला दर्जा चिकटला. स्टँडर्ड गाडीचा बंपर काळा, डीलक्सचा गाडीच्या रंगाचा. त्यामुळे मंगल कार्यालयाबाहेर लागलेल्या गाड्यांच्या रांगेवरून नुसती नजर फिरवली तरी कोणत्या व्याह्याने किती हात सैल सोडला होता याचा अदमास येई. हा उघड पुरावा झाकण्यासाठी कित्येकांनी काळे बंपर रंगवून घेतले. पण हे प्लास्टिक मुळातच असे तेलकट प्रकृतीचे की खालून योग्य अस्तर दिल्यावाचून त्यावर रंग ठरत नाही, आणि पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यानंतर पोपडे सुटून आतला काळा बंपर आपली कैफियत पुन्हा मांडू लागे. आता दैवगती पाहा, लक्षावधी रुपयांच्या दांडग्या गाड्यांना चाकांच्या कमानींवर आणि दारांच्या तळाशी मुद्दाम तेच न रंगवलेले काळे प्लास्टिक लावतात आणि त्यास रुबाब म्हणतात. आमच्या स्टँडर्ड मारुतीला ही बातमी कुणी सांगितलेली नाही.

ती सोलापुरात, नैर्ऋत्येकडे तोंड करून उभी असते. पाठीशी कडुनिंब असल्यामुळे मागच्या बंपरावर सावलीची कृपा आहे. पुढच्याच्या वाट्याला मात्र चैत्र-वैशाखातले चाळिशीपार जाणारे ऊन येते, आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलला की तो अधिकच समोरून येतो. एकाच दिवशी एकाच साच्यातून निघालेल्या नातलगांसारखे हे दोघे, पण मागचा अजून प्रौढ दिसतो आणि पुढचा जख्ख म्हातारा. जुन्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवण्याचा सरकारी हुकूम निघाला तेव्हा आमची जुनी प्लेट काढली गेली, आणि तिच्यामागे त्या करड्या बंपरवर एक लांबट चौकोन उघडा पडला: खोल, गंभीर, किंचित मऊ वाटणारा काळा, कडा रेखून घेतल्याइतक्या स्पष्ट. वीस वर्षांपूर्वी शोरूममधून निघताना सगळा बंपर असा होता याची साक्ष द्यायला एवढा तुकडा शिल्लक होता. मुख्य म्हणजे त्याला चकाकी अजिबात नव्हती. नव्या बंपरची शोभा चमकण्यात कधीच नव्हती, ही गोष्ट काळाच्या ओघात आपण विसरतो आणि मग बाजारातल्या बाटल्यांच्या आहारी जातो.

बंपर करडा होतो म्हणजे त्याचा रंग उडतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाही. बंपरचे मुख्य द्रव्य पॉलिप्रॉपिलीन. १९५४ साली मिलानमध्ये जुलिओ नात्ता यांनी त्याचे सुघटित रूप सिद्ध केले, आणि बहुवारिकांवरील संशोधनासाठी १९६३ चे नोबेल पारितोषिक कार्ल त्सीग्लर यांच्यासह त्यांना मिळाले. त्यात थोडे रबर, थोडी शंखजिऱ्याची पूड आणि काळेपणासाठी काजळी मिसळतात. काजळी म्हणजे शुद्धप्राय कार्बन. तिला ऊन काही करू शकत नाही, उलट जंबुपार किरण स्वतः शोषून ती भोवतालच्या प्लास्टिकला आडोसा देते. परंतु वातावरण ओलांडून येणारे २९० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण अगदी पृष्ठावरच्या रेणूंना गाठतात. त्या रेणूंच्या लांबलचक साखळीत एकाआड एका कार्बनला जो हायड्रोजन सैलसर बांधलेला असतो, तो सुटतो, हवेतला प्राणवायू त्या जागी शिरकाव करतो, आणि साखळ्या तुटू लागतात. पृष्ठभाग आखडतो, डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगांनी भरून जातो, वेष्टन गळाल्यामुळे शंखजिरे उघडे पडते, आणि पूर्वी जो प्रकाश आत शिरून काजळीत विलीन होई तो आता त्या भेगांच्या काठांवरूनच दाही दिशांना विखुरतो. तो विखुरलेला प्रकाश म्हणजे आपल्याला दिसणारा करडेपणा. काळा तिथेच आहे. त्याच्यावरची त्वचा तेवढी विदीर्ण झाली आहे.

दगडी पाटीवर ज्यांनी मुळाक्षरे गिरवली त्यांना हे पदार्थविज्ञान ठाऊक आहे: कोरडी पाटी करडी असते, ओल्या फडक्याने पुसताच काळीभोर होते, कारण पाणी खळग्यांत भरून प्रकाशाला आत जायला वाट देते, आणि पाणी वाळले की पाटी पुन्हा करडी. बंपरवरच्या सगळ्या उपचारांचे गुणदोष या एका कसोटीवर लागतात. भेगांत काय भरले, आणि ते तिथे किती दिवस ठरले, एवढाच प्रश्न.

आमचे फिटर डिझेलचा बोळा फिरवतात. गाडी ताब्यात घेण्यापुरता बंपर काळा असतो आणि घर येईतो त्यावर अर्ध्या शहराची धूळ बसते. सिलिकॉन तेलाच्या फवाऱ्या सुगंधी असतात, पण त्यांनी बंपर असा ओलेता चकाकतो की मला ते केसांना कलप लावून वर चमकी उधळल्याप्रमाणे अशोभनीय वाटते, आणि पहिल्या वळवाबरोबर सारे वाहून जाते. उष्ण हवेची बंदूक धरून वरचा थर किंचित वितळवण्याचाही प्रयोग कित्येक करतात; भेगा सांधल्या जाऊन काळा खरोखर वर येतो, परंतु ते प्लास्टिक वितळते सुमारे १६० अंशांवर आणि बंदुकीची हवा त्याच्या तिप्पट तापते, तेव्हा हात क्षणभर रेंगाळला की चामड्याच्या पोताची बारीक नक्षी कायमची सपाट.

मी पसंत केले ते रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून मिळणारे उकळलेले अळशीचे तेल, ज्याने दारा-चौकटींना हात देतात आणि ज्यात चित्रकार शतकानुशतके रंग कालवत आले. इतर तेले नुसती ओली राहतात. हे हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, त्याची फिल्म बनते. म्हणजे ज्या प्राणवायूने बंपर कुरतडला त्यालाच कामाला लावून दुरुस्ती करून घ्यायची, ही मसलत मला फारच आवडली. कालांतराने हे तेल पिवळते, पण काळ्यावर पिवळे कोण पाहणार?

खरे श्रम तेलापूर्वीचे. भांड्यांच्या साबणाने आणि जुन्या दातांच्या ब्रशाने बंपर घासताना कळते की नक्षीच्या खाचांत आजवरच्या पॉलिशांची पांढरी पूड साठली आहे. ब्रश आडवा फिरवून ती निघत नाही, गोल गोल फिरवावा लागतो, आणि फेस प्रथम दुधी, मग काळसर, मग स्वच्छ येतो. मग एक दिवस पूर्ण वाळू द्यावे, पत्र्याच्या कडेने मास्किंग टेप चिकटवावा, आणि बनियनच्या तुकड्याने तेल अगदी कंजूषपणे चोळावे. पहिला हात आश्चर्यकारक वेगाने आत शोषला जातो. बोटाखाली करडा मागे सरतो आणि काळा त्याची जागा घेतो, तो सीमारेषेवरचा क्षण पाहण्यासाठी मी मुद्दाम हळू काम केले. पाव तासाने कोरड्या फडक्याने राहिलेले तेल टिपून घ्यावेच, नाहीतर चिकट थर वाळून धूळ कायमची बंदिवान होते. फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत: घट्ट होताना हे तेल उष्णता सोडते आणि गोळा करून ठेवलेला बोळा आपोआप पेट घेतो, हे कोणत्याही सुताराला विचारावे. मी ती पाण्यात भिजवून दोरीवर पसरली. घरच्यांनी ती दोरी नंतर वापरायला नकार दिला, हा भाग वेगळा.

नंबरप्लेटमागचा तो चौकोन ओळखू येईनासा झाला नाही. जवळून पाहिले तर अजून किंचित फरक आहे. तुटलेल्या साखळ्या तेलाने जुळत नाहीत, झाकल्या जातात. पावसाळा सरला की पुन्हा एक हात द्यावा लागेल.

पंधरा वर्षांच्या नोंदणीवर मिळालेली पाच वर्षांची मुदतही सरत आली होती, म्हणून पर्यावरण कर भरून गाडी पासिंगला नेली. निरीक्षकांनी दिवे पाहिले, हॉर्न वाजवला, वायपर फिरवले, चासी नंबरचा पेन्सिलीने काढलेला ठसा कागदाशी रुजवून घेतला. बंपरकडे त्यांनी दृष्टिक्षेपही टाकला नाही. फाटकापाशी उभ्या असलेल्या एजंटाने मात्र वाकून त्यावरून बोट फिरवले, बोट उलटेसुलटे करून पाहिले.

“काका, नवा टाकला का?”

“नाही. बेलतेल लावलंय.”

“दारांना लावतात ते?” त्याने विचारले, आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता रांगेतल्या आपल्या पांढुरक्या ओम्नीकडे वळून तिच्या बंपरची लांबी टाचा टाकत मोजू लागला.