उठाबशा

शाळेत असताना उठाबशा ही शिक्षा होती. पाढा चुकला की गणिताचे मास्तर पंचवीस उठाबशा फर्मावीत आणि मोजणीचे काम नेमके वर्गातल्या सर्वांत खवचट मुलाकडे सोपवीत. तो सतरानंतर पुन्हा सोळा म्हणे! त्या वेळी मला कुणी सांगितले असते की, बाबा रे, साठी उलटल्यावर तू हीच शिक्षा दरमहा पैसे भरून, खांद्यावर लोखंड घेऊन, आठवड्यातून तीनदा भोगशील, तर मी त्याला वेड्यात काढले असते. पण तसे झाले खरे. गेली दोन-अडीच वर्षे मी उठाबशा काढतो आहे. नुसत्या काढतो असे नव्हे, तर त्यांच्या प्रकारांचा आणि गुणदोषांचा मी असा काही अभ्यास केला आहे की, पाहुण्यांपुढे चहा आला तरी मी मांड्यांविषयी बोलू लागतो, असा आमच्या सौ.चा आरोप आहे.

या अभ्यासाचे मूळ मात्र हसण्यासारखे नाही.

तीन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका सकाळी आई न्हाणीघरात घसरली. पडली असे म्हणवत नाही. भिंतीचा आधार घेत ती हळूहळू खाली बसली, त्यामुळे हाड वगैरे काही मोडले नाही. तिचे वय त्या वेळी ८५ आणि वजन ४७ किलो. ४७ किलो म्हणजे काय हो? धान्याचे एक पोते! मी कमरेत वाकलो, तिच्या काखांत हात घातले आणि उचलू लागलो. ती तसूभरही हलली नाही. पुन्हा जोर केला, तेव्हा माझ्याच कमरेत सणकन कळ आली आणि मीही तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसलो. शेवटी सौ.ने खालून वॉचमनला बोलावून आणले. त्याने दाराशी चपला काढल्या, आईसमोर उकिडवा बसला, तिला दोन्ही हातांच्या कवेत छातीशी घेतले आणि सरळ उठून उभा राहिला. आई त्याला म्हणाली, "चहा घेऊन जा हो." मला काही म्हणाली नाही. त्या रात्री कमरेला शेक घेत पडलो होतो. झोप आली नाही ती काही कमरेमुळे नव्हे.

तो वॉचमन काही पहिलवान नव्हे. माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनीच लहान असेल, आणि अंगाने तर काडीच. पण जिन्याखालच्या त्याच्या खोलीत स्टोव्ह जमिनीवर असतो, भाकरी तो बसून थापतो, भांडी बसून घासतो. आमच्या घरीही एके काळी असेच होते. चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, मोरीत धुणे आणि भांडी, केर काढायचा तो ओणवे होऊन. आई दिवसाकाठी किती वेळा उकिडवी बसून उठत असेल, त्याची गणती कुणी ठेवली नाही, कारण त्याला व्यायाम म्हणायचे कुणाला सुचले नव्हते. पुढे घरात ओटा आला, जेवणाचे टेबल आले, कमोड आला. तिन्ही मीच हौसेने आणले, आणि आईला सुख लागावे म्हणूनच आणले. सुख लागलेही. पण घरातली बैठक त्या तीन वस्तूंबरोबर बाहेर गेली, हे माझ्या ध्यानात यायला न्हाणीघराची फरशी ओली व्हावी लागली.

आणि मी तर बैठकवाल्याचा मुलगा! अण्णा पेठेतल्या तालमीत जात. १९५२ साली गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीहून कुस्तीचे ब्राँझपदक आणले तेव्हा ते वीस वर्षांचे होते, आणि त्या वर्षी शहरातला निम्मा तरुणवर्ग लंगोट शिवायला गेला होता असे ते सांगत. कुस्तीत त्यांना नाव मिळाले नाही. पण पहाटेच्या तीनशे बैठका त्यांनी सत्तरीपर्यंत सोडल्या नाहीत. आपली बैठक चवड्यांवर असते: हात मागे नेत खाली जायचे, टाचा उचलतात, गुडघे पावलांच्या पुढे जातात, आणि हात पुढे फेकीत वर यायचे. तिला एक झोका असतो. वजन आपल्या देहाचेच, त्यामुळे भार वाढवायचा म्हणजे संख्या वाढवायची. तीनशेच्या पाचशे, पाचशेच्या हजार. तिने दम येतो, मांड्यांना चिवटपणा येतो, गुडघे आणि घोटे वंगण घातल्यासारखे हलते राहतात. लोखंडाला मात्र अण्णा हसत. "लोखंडानं अंग दिसतं, दम येत नाही," म्हणत. मी दोन्हीही केले नाही, म्हणून त्यांच्याशी वाद घालण्याचा प्रसंग आला नाही.

मुलीने व्यायामशाळेत माझे नाव घातले. आमचा प्रशिक्षक म्हणजे पंचविशीतला पोरगा. त्याने आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. रक्तदाब असलेल्या माणसाने श्वास कोंडून वजन उचलू नये, हे त्याने मला पहिल्याच दिवशी बजावले. मग समोर एक स्टूल ठेवले. "काका, बसा. आता हात न टेकता उठा. दहा वेळा." सहाव्या वेळी मी स्टुलाची कड धरली. तो काही बोलला नाही. त्याने वहीत फक्त 'पाच' असे लिहिले. त्या आकड्याइतका अपमान मास्तरांच्या पंचवीस उठाबशांनी कधी केला नव्हता.

दोन महिन्यांनी रॉड खांद्यावर आला. नुसता रॉडच २० किलोंचा असतो, हे ठाऊक नसलेल्या माणसाला तो रिकामा दिसतो. इथून पुढची गोष्ट प्रकारांची आहे, आणि ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल फराळाकडे वळावे.

सगळ्या प्रकारांच्या मुळाशी एकच गोम आहे. रॉड अंगावर कुठेही ठेवा, खाली जाताना आणि वर येताना त्याचा भार पावलांच्या मध्यावरच राहिला पाहिजे. नाही तर माणूस तोंडघशी तरी पडेल, नाही तर मागे कलंडेल. तेव्हा रॉड कुठे ठेवला यावरून अंग किती कलवायचे ते ठरते, आणि अंग किती कलले यावरून कष्ट मांड्यांच्या वाट्याला जास्त की ढुंगणाच्या आणि पाठीच्या, ते ठरते. एवढे कळले की निम्मे पुस्तक वाचून झाले.

पहिला प्रकार पाठीवरचा. त्यातही दोन पोटभेद. मानेखालच्या मांसल भागावर रॉड ठेवला तर छाती बरीच ताठ राहते; हमाल पोते घेतो तसे. दोन-तीन इंच खाली, खांद्याच्या फऱ्यांवर ठेवला तर ढुंगण मागे न्यावे लागते, अंग पुढे झुकते, आणि मांड्यांबरोबर मागचे सारे मोठे स्नायू कामाला लागतात. वजन सर्वांत जास्त याच प्रकारात उचलले जाते, म्हणून पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेतले बहुतेक लोक तोच पत्करतात. मला मात्र तो झेपला नाही, आणि त्यात पायांचा काही दोष नव्हता. रॉड तिथे धरायला हात मागे जावे लागतात, आणि चाळीस वर्षे टेबलावर वाकून हिशेब तपासलेल्या माणसाचे खांदे मागे जात नाहीत! मी आपला वरच्या जागेवरच राहिलो.

पाठीवरच्या रॉडसाठी आता लोखंडी स्टँड असतो. तो नसताना काय करीत? मायलो स्टाइनबॉर्न नावाचा एक जर्मन मल्ल १९२१ साली अमेरिकेत गेला. तो रॉड एका टोकावर उभा करी, त्याच्या बगलेत शिरून उकिडवा बसे, अख्खा रॉड पाठीवर आडवा पाडून घेई आणि मग उठे. हे वाचून मी प्रशिक्षकाकडे नुसते पाहिले. तो म्हणाला, "काका, नाही."

दुसरा प्रकार समोरचा. रॉड गळ्याखाली, खांद्यांच्या पुढच्या गोलाईवर, कोपरे उंच. पाठीवर जेवढे पेलते त्याहून बरेच कमी वजन इथे पेलते, आणि तरीही हा जास्त छळतो. कारण इथे लबाडीला जागा नाही. पाठ जरा वाकली, कोपरे जरा पडली, की रॉड घरंगळून खाली. म्हणून पोट, पाठ, बरगड्यांमधले स्नायू, सगळ्यांनी एकजुटीने ताठ राहावे लागते. आपल्या सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो वजनगटात रौप्यपदक मिळवले. क्लीन अँड जर्कमध्ये त्याने १३५ किलो उचलले. म्हणजे स्वतःच्या जवळजवळ अडीचपट वजन. ते जमिनीवरून खेचून खांद्यांवर झेलायचे असते, आणि झेलताना जी खोल बैठक होते ती हीच, समोरची. मी पहिल्यांदा झेलायला गेलो नाही. स्टँडवरून नुसता रिकामा रॉड घेतला, आणि दुसऱ्या दिवशी हसताना पोट दुखत होते.

डोक्यावर रॉड धरून बसण्याचा तिसरा प्रकार मी केरसुणीच्या दांड्याने करून पाहिला आणि थांबलो. घोटा, कंबर, खांदा यांपैकी एकही सांधा आखडलेला असेल तर तो तिथल्या तिथे पकडला जातो. माझे तिन्ही पकडले गेले.

आता गुडघे. माझ्या वयाच्या प्रत्येक गृहस्थाने मला अडवून सांगितले आहे की, खोल बसू नये, गुडघे झिजतात. या भीतीला वंशावळ आहे. १९६१ साली टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल क्लाइन यांनी खोल बैठकांनी गुडघ्याचे बंध सैल होतात असा निष्कर्ष मांडला, आणि अमेरिकेतल्या शाळांतून, व्यायामशाळांतून अर्ध्यावरच थांबण्याचा दंडक पडला. पुढच्या संशोधकांना तसा सैलपणा आढळला नाही. ज्याचा गुडघा आधीच दुखावलेला आहे त्याने डॉक्टरांनाच विचारावे. पण धडधाकट गुडघ्याला बसणे बाधत असते तर अण्णांचे आणि आईचे गुडघे माझ्या जन्माआधीच संपले असते. उलट बाक्यावर टेकण्यापुरते अर्धे बसून मी पहिले चार महिने जे वजन मिरवले, ते पूर्ण खाली जायला लागल्याबरोबर तिसऱ्या हिश्श्याने उतरले. अहंकाराचे वजन तेवढेच होते म्हणायचे.

अण्णांचे म्हणणे मात्र मी पुष्कळ दिवस मनात घोळवले. दम येत नाही हे खरे का? अंशतः खरे. पाच वेळा ७० किलो घेऊन उठणारा मी चौथा मजला चढताना आधीसारखाच धापा टाकी. म्हणून व्यायामशाळेत जायचे नसते त्या दिवशी सकाळी मी त्यांच्या पद्धतीच्या चाळीस बैठका काढू लागलो. पण हेही तितकेच खरे की, आपल्याच देहाला हजारदा उचलणे वेगळे आणि दुसऱ्याच्या देहाला एकदा उचलणे वेगळे. मला ते दुसरे हवे होते.

ते मी एकदा प्रशिक्षकाला सांगून टाकले. न्हाणीघर, वॉचमन, सगळे. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग काका, आपण झर्चर करू." सेंट लुइस शहरातल्या एका मल्लाच्या नावाचा हा प्रकार. यात रॉड खांद्यावर नाही, पाठीवर नाही; दोन्ही कोपरांच्या खोबणीत धरायचा, हात पोटाशी बांधल्यासारखे. मूल कडेवर नव्हे, छातीशी घेतो तसे. वजन अंगाच्या पुढे लोंबते, पाठ त्याला सारखी विरोध करीत राहते, दंड भरून येतात, पाय तर हवेतच. रॉड कोपरांत असा रुततो की काळेनिळे वळ उठतात. मी टॉवेल गुंडाळून घेतो, आणि सौ.ने त्यासाठी जुनी पंचे फाडून पट्ट्या शिवून दिल्या आहेत. दिसायला हा प्रकार सर्वांत गबाळा. व्यायामशाळेतली तरुण मुले आरशासमोर तो कधी करीत नाहीत. पण पहिल्या दिवशी २५ किलो घेऊन खाली बसलो आणि उठलो, तेव्हा मला वॉचमनची पाठ आठवली. अगदी हीच!

गेल्या वर्षी आषाढात मी त्यात ५० किलोंवर आलो. वहीत आकडा प्रशिक्षकाने लिहिला, पण पाहिला मी बराच वेळ.

अर्थात आई म्हणजे रॉड नव्हे. रॉडला मधोमध धरता येते, आणि तो घाबरत नाही. डॉक्टरांनी आम्हांला नीट समजावून दिले: आधी दुखले-खुपले पाहायचे, दोघांनी मिळून उठवायचे, घाई करायची नाही. आता घरात दांड्या बसवल्या आहेत, फरशीवर रबरी पट्टे आहेत, आणि तिला उचलण्याची वेळ त्यानंतर देवाच्या दयेने आलेली नव्हती.

गेल्या दिवाळीत नरक चतुर्दशीच्या पहाटे सौ.ने नेहमीप्रमाणे तेल लावायला आईसाठी खुर्ची मांडली. आई म्हणाली, "पाट कुठाय?" तीन वर्षे ती खुर्चीवर बसून तेल लावून घेत होती. पाट माळ्यावर होता, तो मुलीने काढून पुसला, भोवती रांगोळीची रेघ ओढली. मी समोर उकिडवा बसलो, आईने माझ्या गळ्यात हात टाकले आणि तिला हळूहळू पाटावर टेकवले. तेल झाले, उटणे झाले, ओवाळणे झाले. मग मी टाचा जमिनीत रोवल्या, तिला कोपरांच्या खोबणीत घेऊन छातीशी धरले, पोट ताठ केले. सौ. मागे हात देऊन उभी होती. तिला हात लावावा लागला नाही.

"सावकाश रे," आई म्हणाली, "तेलाचे हात आहेत." आणि उभी राहिल्यावर, भिंतीची दांडी धरून, मागे वळून सौ.ला म्हणाली, "पाट माळ्यावर टाकू नका लगेच. पाडव्यालाही लागेल."