पेन्टियमची पत्रिका

नवा कॉम्प्युटर घेणे ही फार सोपी गोष्ट आहे. दुकानात जावे, खिशात किती पैसे आहेत ते सांगावे आणि दुकानदार दाखवील ती पेटी उचलून घरी यावे. जुना कॉम्प्युटर जमवणे मात्र लग्न जमवण्याइतके अवघड आहे. तिथे बोर्डाचे गोत्र, प्रोसेसरचा स्वभाव, साऊंड कार्डाचे कूळ आणि वीजपुरवठ्याची ऐपत, सारे पाहावे लागते. छत्तीस गुण जुळले तरी ऐन वेळी रॅम रुसून बसते!

गेले सहा महिने मी अशा वरसंशोधनात गुंतले आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे खेळ जसेच्या तसे खेळता यावेत, असा कॉम्प्युटर मला जुळवायचा आहे. आमच्या चिरंजीवांना हा निव्वळ वेडेपणा वाटतो. "आई, २००२ पासून डॉसबॉक्स आहे. जुने खेळ माझ्या लॅपटॉपवरही चालतात!" असे त्यांनी मला दयार्द्र स्वरात सांगितले. त्यांचे म्हणणे खरे आहे. पण पुरणपोळी बाजारात तयार मिळते म्हणून आपल्या घरातले पुरणयंत्र कोणी भंगारात घालतो का?

या व्यवहारात पहिला प्रश्न पैशाचा नसतो, सालाचा असतो. तुम्हाला कोणत्या साली जायचे आहे? १९९० च्या आगेमागे लिहिलेले काही खेळ प्रोसेसरच्या गतीवरच आपले घड्याळ लावत. वेगवान यंत्रावर त्यांतली विमाने अशी सुसाट सुटतात, की आपण बोट उचलेपर्यंत आपण मेलेलो असतो! त्यासाठीच जुन्या पेट्यांवर वेग कमी करणारे 'टर्बो' बटण असे. उलट, १९९८ नंतरच्या त्रिमितीय खेळांना तो मंद गडी मुळीच चालत नाही.

मी १९९९ साल पक्के केले. त्या वर्षी वडिलांनी ऑफिसच्या सोसायटीचे कर्ज काढून लॅमिंग्टन रोडवरून आमचा पहिला कॉम्प्युटर जुळवून आणला होता. तो साधा सेलेरॉन होता. काउंटरवरच्या काचेखाली व्हूडूचे कार्ड ठेवलेले होते. दादा आणि मी त्या काचेला नाक लावून उभे राहिलो आणि किंमत ऐकून मुकाट्याने बाजूला झालो. २००३ साली दादा जर्मनीला गेला. मग पत्रे, मग फोन, मग फोनवरही "पाऊस आहे का?" आणि "आईचे गुडघे कसे आहेत?" एवढेच उरले. भांडण मुळीच नव्हते. भांडायलासुद्धा काहीतरी विषय लागतो!

तो विषय मला मदरबोर्डाने मिळवून दिला. इंटेलच्या १९९८ च्या ४४०बीएक्स चिपसेटचा बोर्ड घ्यावा, असे मी ठरवले. त्यावर जुन्या साऊंड कार्डासाठी आयएसए, मधल्या पिढीसाठी पीसीआय आणि तेव्हाच्या नव्या चित्रकार्डासाठी एजीपी अशा तिन्ही खाचा मिळतात. एका घरात आजोबा, वडील आणि नातू गुण्यागोविंदाने नांदावेत, तसे हे घर आहे. मी दादाला फोटो पाठवला. पाच मिनिटांत त्याचा फोन आला. "कपॅसिटरचे माथे बघ. पुरीसारखे फुगलेले असतील तर हात लावू नकोस!" शतक पालटण्याच्या सुमाराचे कित्येक बोर्ड याच दुखण्याने गेले. ही नळकांडी सपाट माथ्याची हवीत आणि त्यांच्या बुडाशी तपकिरी ओघळ नसावा. आमच्या बोर्डाची प्रकृती उत्तम निघाली. त्या दिवशी आम्ही पाऊण तास बोललो. पावसाचा विषय निघाला नाही.

प्रोसेसर पेन्टियम तीन, ४५० मेगाहर्ट्झचा. कॅसेटीसारख्या काळ्या पेटीतला हा गडी बोर्डावर उभा बसतो. अगदी जुन्या खेळांसाठी त्याची कॅश मेमरी बंद केली की तो पेन्शनरासारखा सावकाश चालू लागतो, हा त्याचा मोठा गुण. रॅम २५६ मेगाबाइट पुरे. विंडोज ९८ ला ५१२ च्या पुढे वाढले, तर त्याला अजीर्ण होते.

साऊंड कार्डावरून मात्र आमचे जुंपले. मला १९९२ चे साऊंड ब्लास्टर १६ हवे होते. दादा म्हणाला, "नुसत्या नावावर भुलू नकोस. यामाहाची ओपीएल३ चिप त्यावर दिसली पाहिजे. त्याच नावाच्या सगळ्याच कार्डांवर ती नसते." तीन रविवार आम्ही वेगवेगळ्या कार्डांचे फोटो निरखण्यात घालवले. आई शेजारी बसून ऐके. तिला त्यातले अक्षरही कळत नव्हते, पण फोन ठेवला, की ती विचारी, "मग, मिळाले का रे यामाहाचे?"

वीजपुरवठ्यात मी काटकसर केली नाही. जुने बोर्ड पाच व्होल्टच्या तारेतून पुष्कळ वीज ओढतात आणि हल्लीच्या पेट्यांचा सारा जोर बारा व्होल्टवर असतो. तेव्हा पेटीवरच्या कागदावर पाच व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिले आहेत, ते वाचूनच पैसे द्यावेत. हार्ड डिस्कच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लावले. ते जुन्या आयडीई तारेची भाषा समजते आणि घरघरही करत नाही. पडदा मात्र काचेच्या पोटाचा, सीआरटीच घेतला. त्या वेळचे कित्येक खेळ आडवे ३२० आणि उभे २०० ठिपके धरून रंगवलेले आहेत. ते चार-तीनच्या चौकटीतच नीट बसतात. हल्लीच्या रुंद पडद्यावर ताणले, तर सडपातळ राजपुत्रही जेवून उठल्यासारखा दिसतो!

राहिले व्हूडू दोन. ते बनवणाऱ्या थ्रीडीएफएक्स कंपनीने २००० च्या डिसेंबरात आपली मालमत्ता एनव्हिडियाला विकायचे ठरवले, आणि ग्लाइड या तिच्या बोलीत लिहिलेले खेळ पोरके झाले. हे कार्ड एकटे चालत नाही. साध्या चित्रकार्डाची तार त्यातून ओवून पडद्याकडे न्यावी लागते. भाऊबीजेची ओवाळणी काय पाठवू, असे दादाने दरवर्षीप्रमाणे विचारले. मी म्हटले, "व्हूडू." पलीकडे क्षणभर शांतता होती. मग तो म्हणाला, "मी स्वतःच घेऊन येतो."

सात वर्षांनी तो दिवाळीला घरी येतो आहे. आता फक्त कीबोर्ड निवडायचा उरला आहे. अक्षरे उमटतात की नाही, हे मी त्यात पाहणार नाही. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळताना बाणांच्या कळा दादाकडे असत आणि शिफ्टची कळ माझ्याकडे. राजपुत्राला तो पळवी, दरीवरून उडी मारली, की तो ओरडे, "धर!" आणि मी कळ दाबून कड्याला त्याचे हात चिकटवून ठेवी. साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचे होते. ते आम्हाला कधी जमले नाही. म्हणून कीबोर्ड असा हवा, की त्यावर दोन मोठी माणसे खांद्याला खांदा लावून बसू शकतील आणि डावीकडची शिफ्ट अजून घट्ट धरील.