केसलापूरची किकरी

पौष अमावास्या आली की आमच्या आदिलाबादच्या मुलखात नागोबाच्या जत्रेचे वेध लागतात. केसलापूरला आम्ही पूर्वीही अनेकदा गेलो होतो. परंतु यंदा देवदर्शनापेक्षा एका वाद्याच्या ओढीने गेलो.

त्याचे कारण आमचा एक जुना विद्यार्थी. तो आता लग्नसमारंभांत ध्वनिक्षेपकाची व्यवस्था पाहतो. एके संध्याकाळी घरी येऊन त्याने आम्हांस मोबाइलवर एक ध्वनिमुद्रण ऐकविले. एका वृद्ध परधानाचे गाणे त्याने टिपले होते. मात्र त्यातील आवाज काढून टाकून केवळ किकरी व ढोल ठेवले होते आणि त्यांना घुमणाऱ्या प्रतिध्वनीची जोड दिली होती. "सर, याला डब म्हणतात. जमैकाची पद्धत," तो म्हणाला. आम्ही त्याला म्हटले, "ज्याचे गाणे, त्याला आधी ऐकव."

गुडीहतनूर सोडले की रस्ता पानगळीच्या सागवानातून जातो. इंद्रवेल्लीपासून केसलापूर जवळच आहे. गोदावरीचे पाणी झारीत घेऊन अनवाणी चालत आलेली मेस्राम कुळाची मंडळी वडाखाली उतरली होती. रात्री त्याच जलाने महापूजा व्हायची होती. नव्या सुनांची देवाशी भेटही व्हायची होती. तेथेच ते वृद्ध गृहस्थ किकरी लावीत बसले होते. तीन तारा, कातडी मढविलेले पोट आणि घोड्याच्या केसांचा गज. नाथजोग्यांच्या किंगरीची ही बहीणच वाटावी.

वाचकांस नवल वाटेल ते पुढेच. परधान हे राजगोंडांचे परंपरागत भाट. कुळांची उत्पत्ती, देवांच्या कथा, पूर्वजांची नावे हे सारे ते गोंडीत गातात. परंतु येथील अनेक परधान घराण्यांची घरची बोली मराठी आहे. गोंडांची स्मृती मराठी बोलणाऱ्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. 1956 साली किनवट व राजुरा हे भाग या जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले. आम्ही अलीकडे राहिलो आणि ही घरेही राहिली.

विद्यार्थ्याने ध्वनिमुद्रण लावले. आजोबांनी डोळे मिटून ते शेवटपर्यंत ऐकले व म्हणाले, "वाजवनं ब्येस हाये बापू. पन मेस्रामांची नावं कुठं गेली?"

विद्यार्थी निरुत्तर झाला. आम्हीही विचारात पडलो.

जमैका हे आफ्रिकेतून धरून नेलेल्या गुलामांच्या वंशजांचे बेट. मूळ भाषा हरपल्या, तरी आफ्रिकेची लय ढोलांत टिकली. रेगे संगीताची मुळे तेथवर जातात. 1970 च्या सुमारास किंग्स्टनमध्ये 'किंग टबी' या नावाने गाजलेला, रेडिओदुरुस्तीत मुरलेला तंत्रज्ञ मुद्रित गाण्यातील गायकाचा आवाज कमी करून ताल व खर्ज पुढे आणू लागला. परंतु नाचाच्या मैदानावर ती मोकळी जागा ओस राहत नसे. हाती माइक घेतलेला कोणी तेथे उभा असे आणि त्या तालावर स्वतःचे शब्द उत्स्फूर्त म्हणे. एक आवाज काढला जाई, कारण दुसरा तयार असे.

येथे तो दुसरा कोण? आजोबांचा मुलगा बांधकामावर जातो. त्याला किकरी थोडी येते, कथा येत नाहीत.

1940 च्या दशकात हायमेनडॉर्फ यांनी मार्लवाईत राहून येथील गोंडांचा अभ्यास केला. त्याच काळात गोंडी मुलांसाठी देवनागरीत वाचनपुस्तके झाली. आपले सेतुमाधवराव पगडी हैदराबादेत सनदी अधिकारी असताना गोंडी शिकले आणि तिचे व्याकरण लिहून गेले. त्या मानाने आमच्यासारख्या एम. ए. मराठी मुख्याध्यापकाने वर्गातल्या परधान मुलाला, "तुझे आजोबा काय गातात?" एवढेही कधी विचारले नव्हते. ही उणीव आमचीच.

त्या रात्री विद्यार्थ्याने आजोबांचे गाणे प्रारंभापासून टिपले, एकही शब्द न काढता. मुलगा शेजारी बसून होता. पहाटेच्या सुमारास वडिलांचा आवाज थकला, तेव्हा एका कुळाचे नाव त्याने हळूच पुरे केले. तेही मुद्रणात आले आहे. आम्ही ते पुसू दिले नाही.