आडनाव नसलेला मुलूख

अदिस अबाबात कुणी आडनाव विचारत नाही, कारण ते नसतंच. आपलं नाव, मागोमाग वडिलांचं, संपलं. लग्न झालं तरी बाई नाव बदलत नाही. मोठ्या हुद्द्याच्या माणसालाही आदराचा ‘आतो’ लावून पहिल्या नावानेच हाक मारतात. आडनावावरून गावजात ओळखणाऱ्या मुलखातून गेलेल्या मला हे फार मोकळं वाटलं.

थक्क झालो ते पुढे. कॉफीच्या हिरव्या बिया निखाऱ्यावर भाजता भाजता यजमानीणबाई नावांचे अर्थ सांगू लागल्या. तिरुनेश : ‘तू चांगली आहेस.’ मासरेशा : ‘विसर पाडणारा’, घरात कुणी गेल्यावर जन्मलेल्या बाळाला ठेवतात. कासा : ‘भरपाई’. कुटुंबाने काय सोसलं, ते मूल जन्मभर अंगावर वागवतं!

आणि अलेमायेहू : ‘मी जग पाहिलं.’ हे आईबाप बोलतात; तू आलास, आता सगळं पाहून झालं. ‘अलेम’मध्ये जगाबरोबर सुखही येतं. आपल्या ‘आलम दुनिये’तला आलम अरबीतून आलेला, म्हणजे याच शब्दाचा सेमिटिक भाऊबंद.

इथियोपियाचा सम्राट दुसरा तेवोद्रोस जन्माने कासाच. १८५५ साली गादीवर बसताना त्याने भाकितातल्या न्यायी राजाचं नाव घेतलं, आणि १८६१ साली झालेल्या मुलाचं नाव ठेवलं अलेमायेहू. १८६८ साली मगदालाच्या त्याच्या डोंगरी किल्ल्यावर इंग्रज फौज चढली, ती मुंबईहून निघालेली. तिचा सेनानी नेपियर मुंबईच्याच लष्कराचा प्रमुख. तोफा वाहणारे हत्तीही आपल्याच बंदरातून जहाजावर चढवलेले. हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. तेवोद्रोसने शरण न जाता स्वतःवर गोळी झाडली. सात वर्षांच्या पोराला इंग्रजांनी सोबत नेलं. वाटेतच आई वारली. बापाने आपल्या सुखासाठी उच्चारलेलं वाक्य पोराच्या वाट्याला असं आलं : इंग्लंड, काही काळ हिंदुस्थान, पुन्हा इंग्लंड. १८७९ साली लीड्समध्ये, अठराव्या वर्षी तो गेला. विंडसरला पुरला आहे.

इथियोपियाने २००७ साली त्याचे अवशेष मागितले. २०२३ मध्ये ब्रिटिश राजवाड्याने नकार कळवला, इतरांच्या कबरींना धक्का लागेल म्हणून. मला हे कारण पटत नाही. ते पोर परत यायला हवं.